शरयूच्या हातचं

"पण 'नेहमीसारखं' म्हणायची काय गरज होती तुला?"

"तोंडात आलं."

"तोंडात आलं! अख्खं मंडळ उभं होतं तिथे. डॉक्टरांच्या शेजारी नीलावहिनी, हातात रिकामी प्लेट घेऊन. आणि तू सुरी परजत विचारतेस, काय डॉक्टर, नेहमीसारखं कडेचं ना, चरबीसकट?"

"दर गुरुवारी येतात ते. कडेचंच मागतात. गिऱ्हाईक समोर आलं की माझं तोंड आपोआप चालतं हो. दुकानात सगळ्यांशी तसंच बोलते मी."

"ते दुकान नव्हतं, शरयू. मंडळाची पिकनिक होती."

"मांस दुकानातलं, सुरी दुकानातली, बाईही दुकानातलीच. तुम्हीच नेऊन उभी केलीत ना मला?"

गुरुदत्त पळसुले घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराच्या पायरीवर उभा होता. तो पायरी उतरत नव्हता आणि शरयूला ती चढता येत नव्हती, कारण तिच्या अंगावर अजून धुराचे कपडे होते. घरात यायचं तर कपडे इथेच वॉशिंग मशीनपाशी उतरवायचे, जुना गाऊन अडकवायचा, कुठेही न शिवता तडक बाथरूममध्ये जायचं, केसांवरून पाणी घ्यायचं, मग स्वयंपाकघर. नियम गुरुदत्तचा. देवरुखला शरयूची आई सोवळ्यात शिरतानाही एवढे सोपस्कार करत नसे.

"बरं, चुकलं माझं," शरयू म्हणाली. "उद्या फोन करते नीलावहिनींना. माफी मागते."

"त्यांचाच येऊन गेला."

"काय म्हणाल्या?"

गुरुदत्तनं दाराच्या मुठीशी चाळा सुरू केला. एकदा इकडे फिरवली, एकदा तिकडे.

"या वर्षी मोदक विनीता करणार आहे."

शरयूचा हात एप्रनच्या गाठीवर थांबला.

"राजीवची बायको? जानेवारीत आलेली? तिला उकड काढता येते?"

"तळणीचे करणार आहे म्हणे."

"तळणीचे."

"अगं, प्रसाद तो प्रसाद. तळला काय, उकडला काय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? तुझ्या हातचा नैवेद्य नको असं लोकांचं म्हणणं पडलं. दिवसभर तू ज्यात हात घालतेस ते आज सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं."

"पाहिलं? अहो, खाल्लं! ट्रे चाटूनपुसून परत आलेत, ते बघा पडलेत गाडीत!"

गुरुदत्तनं गाडीकडे पाहिलं नाही. "आंघोळ करून घे," एवढं म्हणून तो आत गेला. शरयू कपडे न उतरवता किती तरी वेळ मशीनवर बसून राहिली.

मोदक म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे, असं कुणीही म्हणेल. पण शरयूकडे दुसरं होतं काय?

देवरुखच्या त्या घरात वडील लवकर गेले. आई घरी राहणाऱ्या शाळामास्तरांची खानावळ चालवायची, आणि पहाटे उठून तांब्याचा बंब पेटवायचं काम शरयूकडे होतं. आंघोळीला माणसं आठ-दहा, बंब एक. भडका केला की लाकूड उडून जायचं आणि शेवटच्या मास्तरांना गार पाणी. विस्तव मंद ठेवावा तर धूर कोंडून घर खोकायला लागायचं. कुठली ढलपी कधी सरकवायची, राख कधी ओढायची, हे तिच्या हाताला कळत गेलं. मुलगी बघायला आले तेव्हा पळसुल्यांनी विणकाम विचारलं, गाणं विचारलं, पुरणपोळी विचारली. बंब कुणी विचारला नाही. विचारण्यासारखा तो नव्हताच.

गुरुदत्त इंजिनिअर होता. लग्नानंतर दोन वर्षांनी तो तिला टेक्सासातल्या वेलबर्ग गावी घेऊन आला. तेलविहिरींची यंत्रं करणारा मोठा कारखाना, आजूबाजूला सपाट माळ, आणि अख्ख्या गावात मराठी घरं चार. पहिला गणपती डॉक्टर हेमचंद्र वर्तकांच्या अपार्टमेंटमध्ये बसला. मूर्ती कुणाच्या तरी हँडबॅगेतून आलेली, सोंड जोडलेली. मोदकांना पिठी मिळेना. तेव्हा शरयूनं तांदूळ धुऊन चादरीवर वाळवले, मिक्सरमधून काढले, ओढणीतून चाळले. हळदीची पानं कुठली असायला? मेक्सिकन दुकानातून मक्याच्या कणसांची सालं आणली, भाजीच्या चाळणीत अंथरली आणि त्यांवर मोदक उकडले. झाकण काढलं तेव्हा नीला वर्तक रडायला लागली होती. "शरयू, तू होतीस म्हणून गणपती जेवला गं."

पुढे घरं वाढली, मंडळ झालं, हॉल झाला. कुणी डॉक्टर, कुणी प्लँट मॅनेजर, कुणाच्या बायकोनं एमएस केलं. नव्या माणसाला ओळख करून देताना प्रत्येकीच्या नावापुढे काहीतरी असायचं. शरयूच्या नावापुढे एकच. "आणि ह्या शरयूताई. मोदक ह्यांचे." वर्षातून एकदा तिला त्या सगळ्यांत बसायला खुर्ची होती, ती ही.

दुकानाचं तसं नव्हतं. दुकान तिनं शोधलं नव्हतं.

मुलगी रुपाली मिडल स्कूलला जायला लागली आणि घर दिवसभर खायला उठलं, तेव्हा हायवेलगतच्या होलुब नावाच्या म्हाताऱ्या चेक माणसाच्या दुकानाबाहेर पाटी होती, काउंटरवर बाई पाहिजे. शरयूला वाटलं, ॲपल पाय विकायचे, घेवड्याच्या बिया वाढायच्या, गल्ल्यावर हसायचं. गुरुदत्तनं मंडळात सांगितलं, "काउंटरवर असते एका दुकानात, वेळ जातो तिचा." कसलं दुकान हे कुणी विचारलं नाही. गाव केवढंसं, सगळ्यांना ठाऊक होतं. विचारलं नाही की ठाऊक नसल्यासारखं होतं.

दुकानाच्या मागे विटांची लांबलचक भट्टी. एका टोकाला विस्तव, दुसऱ्या टोकाला धुराडं आणि मधे जाळीवर मांसाचे मोठमोठे तुकडे, आगीला न शिवता नुसत्या धुरात आणि उबेत पडलेले. ब्रिस्केट. गाईच्या पुढच्या दोन पायांमधला छातीचा भाग. हे कळलं त्या दिवशी शरयूनं मागच्या अंगणात जाऊन उलटी केली, तोंड धुतलं आणि परत येऊन बिया वाढल्या. पहिला आठवडाभर ती घरी जाताना गाडीत रामरक्षा म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आली. तिसऱ्या आठवड्यात विसरली, आणि विसरलो हे लक्षात आल्यावर तिला जास्त भीती वाटली.

भट्टीवरचा माणूस एक दिवस आलाच नाही. होलुबचे गुडघे गेलेले, त्याला वाकता येईना. विस्तव विझत चालला होता. शरयू गेली, राख ओढली, ओकच्या लाकडाची एक ढलपी आडवी, एक तिरकी सरकवली, दार बोटभर उघडं ठेवलं. धूर काळा येत होता तो पातळ निळा झाला. होलुब काठी टेकून बघत राहिला.

"हे कुठे शिकलीस, शेरी?" शरयू त्याच्या तोंडात कधी बसलं नाही.

"आंघोळीचं पाणी तापवताना."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. पण दुसऱ्या दिवसापासून भट्टी तिची.

होलुबचं शास्त्र चार शब्दांचं होतं. मीठ, मिरी, ओक, धीर. "गॅसवर करतात तो स्वयंपाक," तो म्हणायचा, "अर्ध्या तासात होतं ते जेवण. आणि सॉस म्हणजे झाकपाक. काहीतरी बिघडलंय म्हणून वर ओततात." रात्री तो कुणाकडून तरी भट्टी भरवून घ्यायचा, सकाळी शरयू ताब्यात घ्यायची आणि दुपारी सुरी लागेपर्यंत तिनं नुसतं बसायचं, बघायचं, लाकूड घालायचं. चव बघायचा प्रश्नच नव्हता. तिनं कधी जिभेवर कण ठेवला नाही, आणि होलुबनं कधी आग्रह केला नाही. "बरंय," म्हणाला. "आधीचा अर्धं चवीलाच खायचा." झालंय की नाही हे शरयू बोटानं दाबून सांगायची. पुरण शिजलं की पळी उभी राहते आणि हलवलं की पातेलं सोडतं, तसा तो तुकडा उचलला की मधून वाकायचा, थरथरायचा. मग काढायचा. त्याच्या आधी काढला तर चामडं, उशीर झाला तर भुगा.

आणि भुगा झालेल्या कडा होलुब तिला घरी द्यायचा, तपकिरी कागदात बांधून.

त्या गुरुदत्त खायचा. घरात नाही. गॅरेजमध्ये, उभ्यानं, गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून. खाऊन झालं की बागेच्या नळावर चूळ भरायचा, मग आत. पहिल्यांदा त्यानं मागितलं तेव्हा शरयूला बरं वाटलं होतं. वाटलं, चला, एक भिंत तरी पडली. पण पडली नव्हती. तो तिच्याशी न बोलता खायचा आणि शेवटी बोटं पुसत म्हणायचा, "आज जरा कोरडं झालंय."

एकदा तिनं विचारलं, "घरात बसून खा की. मी वाढते."

"आत देव आहेत," गुरुदत्त म्हणाला.

मग शहाऐंशी साल उजाडलं. तेलाचे भाव कोसळले, कारखान्यानं निम्मी माणसं काढली, त्यांत गुरुदत्त होता. घर शरयूच्या भट्टीवर चालायला लागलं. यावर दोघं कधीच बोलले नाहीत. गुरुदत्तला वेळ होता म्हणून मंडळानं त्याला अध्यक्ष केलं, आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून मीटिंगांना जायला लागला.

अशाच एका मीटिंगमध्ये पिकनिकचं निघालं. लेबर डेची सुट्टी, नंतरच्या रविवारी गणपती. दरवर्षीप्रमाणे मसालेभात, कोशिंबीर आणि गॅसच्या शेगडीवर राजीवचं चिकन. पोरं कुरकुरायला लागली. टेक्सासात जन्मलेली पोरं ती, त्यांना चिकन म्हणजे आजारपणातलं वाटायचं. तेवढ्यात रुपाली मोठ्यानं म्हणाली, "व्हाय डोन्ट यू गाइज जस्ट आस्क माय मॉम? शी मेक्स द बेस्ट ब्रिस्केट इन द काउंटी!"

गुरुदत्त छताकडे बघायला लागला. शेवटी डॉक्टर वर्तकच बोलले, "मुलांची इच्छा आहे तर... होऊन जाऊ दे." नीलावहिनींनी अट घातली. टेबल वेगळं, भांडी वेगळी, आणि ते सगळं तिकडे, झाडापलीकडे.

झाडापलीकडे शरयूनं टेबल मांडलं, आणि राजीवनं लगेच छेड काढली. त्याची गॅसची शेगडी जवळच होती.

"काकू, मान्य करा. हेही बार्बेक्यूच."

"गॅसवर? हे भाजणं झालं रे बाबा."

"बाहेर मोकळ्यावर भाजलं, धूर निघाला, झालं बार्बेक्यू. डेफिनिशन आहे ती!"

"मग गाडीवर कणीस भाजतात तेही बार्बेक्यू. आणि स्मशानात?"

"काकू!"

"का? तिथे निदान लाकूड तरी असतं."

झाडाखाली हशा पिकला. शरयूला आठवेना, मंडळात आपल्या बोलण्यावर लोक यापूर्वी कधी हसले होते. तिनं पहिला तुकडा फळीवर घेतला, सुरी लावली, आणि रांग लागली. आधी पोरं. मग पोरांना सोबत म्हणून बाप. मग नुसतेच बाप. "काय पडलंय वर काळं? जळलंय का?" "जळलेलं नाही, साल आहे ती, तीच खायची असते." "सॉस कुठाय?" "सॉस नाही. आधी खा, मग सॉस मागा, मागितलात तर सुरी फेकून देईन." पलीकडे मसालेभात गार होत होता. शरयू घामाघूम झाली होती, हात चालत होते, तोंड चालत होतं, आणि ती कुठे उभी आहे हे ती साफ विसरली. समोर डॉक्टर आले. नेहमीचे डॉक्टर. गुरुवारचे.

आणि तिनं विचारलं.

हेमचंद्र वर्तक हृदयाचे डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरी जाहीर केलं होतं, लाल मांस बंद. नीलावहिनी त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग शरयूकडे, मग हातातली प्लेट अगदी हळू गवतावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसल्या.

त्या संध्याकाळी फोन आला.

पुढचे दिवस शरयू गुरुदत्तच्या मागे लागली.

"तुम्ही अध्यक्ष आहात. एक वाक्य बोला. म्हणा, ती शिजवते, खात नाही. खातो मी."

"एवढं सोपं आहे का ते?"

"अवघड काय आहे? डॉक्टरांचं सगळ्यांना कळलं, काय झालं त्यांचं? बायको चार दिवस बोलणार नाही, एवढंच. माझा नैवेद्य गेला."

"बघतो."

"बघतो म्हणजे बोलता?"

"बघतो म्हणजे बघतो!"

बघतो म्हणाला म्हणून शरयूनं तांदूळ धुतले. वाळवले, दळले, ओढणीतून चाळले. नारळ खवून ठेवले. हॉलचं भाडं यंदा परवडत नव्हतं, म्हणून गणपती अध्यक्षांच्या घरी बसायचा होता, तिच्याच घरी. स्वतःच्या घरी आलेल्या देवाला तिनं काय फक्त पाट मांडायचा?

शनिवारी दुपारी दिवाणखान्यात थर्माकोलचं मखर चाललं होतं. गुरुदत्त खाली बसून कात्रीनं कमळं कापत होता. राजीव दिव्यांच्या माळा गुंडाळत होता. रुपाली जिन्याच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आणि वर्तक पतिपत्नी आली. नीलावहिनींच्या हातात झाकणाची छोटी स्टीलची डबी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"शरयू, ये इकडे. मार्ग निघालाय."

शरयू हात पुसत आली.

"मी गुरुजींना फोन केला होता. ते म्हणाले, पंचगव्य घ्या, दोष जातो. मग तू खुशाल कर मोदक. विनीतालाही सुटल्यासारखं होईल. काल करून बघितले तिनं, चार कढईतच उलले."

"सहा," राजीव म्हणाला.

"पंचगव्य," शरयू म्हणाली.

"दूध, दही, तूप, गोमूत्र आणि... ते नावाला गं. सुईच्या टोकावर मावेल एवढं."

"व्हॉट इज 'ते'?" रुपालीनं जिन्यावरून विचारलं.

"इथे कुठे मिळालं?" शरयूनं विचारलं.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "माझ्या एका पेशंटचं रँच आहे. त्याला म्हटलं, लॅबसाठी सँपल हवंय."

राजीव खो खो हसायला लागला आणि नीलावहिनींकडे बघून थांबला.

"म्हणजे इथलीच गाय," शरयू म्हणाली.

"मग कुठली असणार? गाय ती गाय."

"परवा रांगेत उभे असताना तुम्ही राजीवला सांगत होतात डॉक्टर, की इथली गाय ती आपली गाय नव्हे, म्हणून चालतं. मी कापतच होते, ऐकू आलं."

"ते गमतीत गं..."

"आणि टेक्निकली बैल असतो तो, असंही म्हणालात. मग बाटली घेऊन गेलात तेव्हा ती आपली झाली?"

"शरयू, तोंड सांभाळ," नीलावहिनी म्हणाल्या, आणि एकदम त्यांचा आवाज चिरकला. "मी तुझ्यासाठी धडपडतेय! त्या दिवशी माझं काय झालं ते कळलं का तुला? दोन वर्षं ह्या माणसाला बिनमिठाच्या भाज्या घालतेय मी. स्वतःही तेच खातेय. आणि सगळ्या गावासमोर तू..."

"ते माझं चुकलं, वहिनी. सवयीनं बोलले. त्याबद्दल पाया पडते तुमच्या." आणि शरयू खरोखर वाकली. नीलावहिनींनी पाय मागे घेतले नाहीत.

सरळ उभी राहून ती म्हणाली, "पण एवढं सांगा. दोष शिवण्याचा की खाण्याचा?"

"दोन्हींचा."

"जास्त कशाचा?"

नीलावहिनी नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "खाण्याचा."

"मी तीन वर्षं रोज शिवलेय. खाल्लेलं नाही. तरी घेते, आत्ता इथे सगळ्यांसमोर घेते. पण उद्या मूर्तीला हात लावून पूजा कोण करणार?"

"गुरुदत्तकाका," राजीव म्हणाला. "अध्यक्षच बसतात ना. आणि काकांचं काय, काका तर खातच नाहीत. परवा मी केवढा आग्रह केला, तर म्हणाले, आमच्या घरात फक्त चिकन."

कात्री थांबली. गुरुदत्तच्या मांडीवर अर्धं कापलेलं कमळ होतं, पांढरा भुगा त्याच्या पँटवर, हातांवर.

शरयूनं डबीचं झाकण काढलं. वासानं राजीव मागे सरकला. देवघरातली चांदीची पळी टेबलावरच घासून ठेवलेली होती. तिनं ती डबीत बुडवली आणि डावा हात खाली धरून, थेंब सांडू न देता, गुरुदत्तसमोर येऊन उभी राहिली.

"देवाला हात लावणार त्यानं आधी. घ्या."

"शरयू, काय नाटक आहे हे?" गुरुदत्त हळू म्हणाला.

"नाही घ्यायचं? नका घेऊ. मग ह्यांना सांगा, मी आधी तुम्हालाच का देतेय ते. दोन्हींतलं काहीही करा. मी लगेच उकड काढायला घेते, पाणी ठेवलेलंच आहे."

"गुरुदत्त?" नीलावहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता. त्यांना आधीच कळलं होतं, आणि तरी त्यांना ऐकायचं होतं.

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा," रुपाली जिन्यावरून म्हणाली, "जस्ट टेल देम. इट्स नॉट अ बिग डील. प्लीज."

"तुम्ही बोला हो," शरयू म्हणाली. "तुम्ही बोललात तर माझा नैवेद्य राहील. मी बोलले तर नवऱ्याची लाज काढली म्हणून नैवेद्यही जाईल आणि तुमचा मानही. तुम्हाला कळतंय ना? मी नाही बोलू शकत. तुम्हीच."

गुरुदत्तनं कात्री मखराच्या पायरीवर ठेवली. कमळ तिच्या शेजारी. उठला, पँटवरचा भुगा झटकला, शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं. क्षणभर वाटलं, बोलायलाच उठलाय. राजीवनं दिव्यांची माळ खाली ठेवलीसुद्धा.

तो शरयूला वळसा घालून गेला. पुढचं दार उघडलं, चपला पायांत सरकवल्या.

"अहो गुरुदत्त, कुठे निघालात?" डॉक्टरांनी हाक मारली.

बाहेर रणरणतं ऊन होतं. ड्राइव्हवेमधल्या गाडीकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही, शेजारच्या हिरवळीवरून तसाच रस्त्याला लागला आणि चालत राहिला.